साडेचारशे वर्षांपूर्वीचे एक वैद्य आणि आपला मसाल्याचा डबा

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि किल्ले डोळ्यांपुढे येतात. त्यांवर लिहिणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने त्यांच्या वाटेला जाऊ नये. मी लिहिणार आहे ते एका वैद्यावर. हिंग, हळद, आंबा, फणस, विड्याचे पान आणि कोरफड या आपल्या रोजच्या वस्तूंवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आणि तो गोव्यात छापला, तोही इ. स. १५६३ साली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सदुसष्ट वर्षे आधी!

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर माझ्या पुतणीने आणले आणि रात्री जेवणे झाल्यावर थोडे थोडे मराठीत सांगितले. पुढची हकीकत बहुतेक त्यातलीच आहे.

वैद्यबुवांचे नाव गार्सिया द ऑर्ता. जन्म १५०१ च्या सुमारास, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे या सरहद्दीवरच्या गावी. आईबाप मूळचे ज्यू धर्माचे. त्या देशात १४९७ साली राजाने सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले, त्यात हेही घराणे आले. वरून ख्रिस्ती झाले तरी अशा घराण्यांवर लोकांचा डोळा असे. शनिवारी चूल का पेटली नाही, डुकराचे मांस का खात नाहीत, यावर शेजारी पाळत ठेवीत. हे ध्यानात ठेवावे, पुढे याचा संबंध येतो.

गार्सिया स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला येथल्या विद्यापीठांत वैद्यक शिकले, लिस्बनला अध्यापक झाले आणि १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोंसो द सोझा या सरदाराचे वैद्य म्हणून जहाजावर चढले. सप्टेंबरात गोव्याला उतरले. त्यानंतर चौतीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते आपल्याच देशात राहिले.

त्याच १५३४ साली डिसेंबरात गुजराथच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटे तहात पोर्तुगीजांना दिली. आपल्या कामवारी नदीचे पाणी ज्या खाडीला मिळते, तिच्याच तोंडाशी वसई आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तोवर, म्हणजे दोनशे वर्षे, खाडीच्या त्या तोंडाशी पोर्तुगीजांचे राज्य होते. वैद्यबुवा या मुलखात हिंडलेले होते. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी त्यांनी पाहिली आणि त्यांविषयी लिहूनही ठेवले. पुढे मुंबईचे बेट त्यांना सरकारकडून खंडाने मिळाले. आज ज्या मुंबईत वितभर जागेसाठी माणसे जन्म घालवतात, ते अख्खे बेट एका वैद्याकडे खंडाने होते, हे ऐकून आमच्याकडे सगळे हसले. त्यांचे घर आणि बाग फोर्टात, टाउन हॉलच्या मागे, जिथे पुढे इंग्रजांनी किल्ला केला आणि आता नौदलाचा तळ आहे, तिथे होती असे मानतात. त्या बागेत एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळ देई, एकदा मेच्या सुमारास आणि एकदा नाताळच्या सुमारास. मुंबईचे हे आंबे बोटीतून गोव्याला भेट म्हणून जात, त्याचे वर्णन ग्रंथातच आहे.

आता ग्रंथाविषयी. युरोपात तेव्हा मोठी घुसळण चालू होती. १५४३ या एकाच वर्षी कोपर्निकसचा ग्रंथ छापला गेला. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडले होते. त्याच वर्षी व्हेसालियस या वैद्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ आला. गॅलन नावाच्या जुन्या ग्रीक वैद्याचे शब्द तेराशे वर्षे वेदवाक्य मानले जात होते. व्हेसालियसने स्वतः प्रेते फाडून पाहिली आणि गॅलनच्या चुका दाखवल्या. ग्रंथात काय लिहिले आहे ते मोठे, की डोळ्यांना काय दिसते ते मोठे, असा तो तंटा होता. तोच तंटा आपल्या वैद्यबुवांनी गोव्यात बसून हिंग आणि हळदीवर चालवला.

पुस्तक संवादाच्या रूपाने आहे. आपल्याकडे पोथ्यांत शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो, तसेच. रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान स्पेनहून गोव्याला येतो. त्याला जुने ग्रंथ पाठ, पण हिंगाचा खडाही कधी पाहिलेला नाही. तो प्रत्येक वस्तूविषयी ग्रीक व अरबी पंडितांचे वचन काढतो, आणि ऑर्ता म्हणतात, ते राहू द्या, ही वस्तू मी रोज पाहतो, ती अशी आहे. एके ठिकाणी तर ते स्पष्टच सांगतात की स्पेनात असतो तर गॅलनच्या विरुद्ध ब्र काढायची छाती झाली नसती. असे साठाच्या आसपास संवाद आहेत आणि वस्तू वर्णमालेच्या क्रमाने घेतल्या आहेत, म्हणून आरंभीच आपली कोरफड येते.

ग्रंथ त्यांनी आधी लॅटिनमध्ये लिहायला घेतला होता. तेव्हा विद्वानांची भाषा तीच. पण जास्त लोकांच्या उपयोगी पडावा म्हणून तो पोर्तुगीजमध्ये, म्हणजे त्यांच्या घरच्या भाषेत आणला. हे वाचताना मला आपल्या एकनाथ महाराजांची आठवण झाली. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. वैद्यबुवा गोव्यात उतरले तेव्हा नाथ पैठणला तान्हे होते. नाथांनीही भागवत संस्कृतातून मराठीत आणले आणि त्यासाठी काशीच्या पंडितांचा रोष पत्करला, ते काम १५७३ साली पुरे झाले. एकाने देवाची गोष्ट घरच्या भाषेत सांगितली, दुसऱ्याने औषधाची. दोघांची भेट झाली असती तर बोलायला विषय पुष्कळ निघाला असता.

छापखाना गोव्यात आला तो १५५६ साली, आणि तोही चुकून. तो अबिसिनियाला जायचा होता, तो इथेच राहिला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या काही पुस्तकांत या ग्रंथाची गणना होते. छपाई मात्र इतकी गचाळ की शेवटी चुकांची दुरुस्ती सांगणारी पाने जोडावी लागली. (आपल्या मागील स्मरणिकेत दोन नावे चुकली म्हणून केवढी बोलणी बसली, ते आठवून मला त्या छापखानेवाल्याची दया आली.)

आता हिंगाचे पाहू. हिंगाचा वास वैद्यबुवांना मुळीच सोसत नसे, पण हिंदुस्थानात सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू हीच, आणि गुजराथी वाणी ती रोज अन्नात घालतात, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्यांची एक गोष्ट आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे मोठा मोलाचा घोडा होता, पण त्याला वायूचा इतका त्रास की राजा तो विकत घेईना. धन्याने घोड्याला पिठातून हिंग चारला आणि घोडा बरा झाला. राजाने घोडा घेतला आणि विचारले, कशाने बरा केलास? हिंगाने, असे कळल्यावर राजा म्हणाला, मग नवल काय, तू त्याला देवांचे अन्न खाऊ घातलेस. त्यावर तो पोर्तुगीज हळूच काय म्हणाला तेही वैद्यबुवांनी लिहिले आहे, त्यात देवाच्या जागी सैतान आहे! मुलाच्या पोटात दुखले की बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावणाऱ्या आपण सगळ्या राजाच्या बाजूच्या.

आंब्याच्या प्रकरणात कैरी चिरून आत आले-लसूण भरून तेलात आणि शिरक्यात मुरवण्याची रीत आहे. फणसाला इथे ‘पनाझ’ म्हणतात, नारळाला ‘नारेल’, असे शब्द ते पोर्तुगीज कानांनी ऐकून टिपून ठेवतात. निर्गुंडीच्या पाल्याचा सुजेवर उपयोग सांगतात. आवेवर, म्हणजे रक्त पडणाऱ्या हगवणीवर, मलबारकडचे वैद्य जी साल देतात तिची ते फार वाखाणणी करतात. ती आपल्या कुड्याची साल. आपल्या बाजूच्या रानात कुडा आहे, आणि कुड्याच्या शेंगांची भाजी आपल्यापैकी कित्येकींनी केली असेल.

परंतु सगळ्यांत मी थांबले ती पटकीच्या प्रकरणाशी. पटकीचे इतके नेमके वर्णन करणारे ते युरोपातले अगदी पहिल्यांपैकी एक वैद्य. नाडी कशी बुडते, अंग कसे गार पडते, डोळे कसे खोल जातात, घशाला कशी कोरड पडते, हे त्यांनी सारे लिहिले आहे. आणि या रोगाला इथले लोक ‘मोर्शी’ म्हणतात, फार खाण्याने होणारा आजार असा त्याचा अर्थ, असे ते सांगतात. पुतणीने हा शब्द वाचला आणि पुढे गेली. मी म्हटले, थांब, परत वाच. ही तर आपली मोडशी! आजही घरात कोणाला जड अन्नाने उलट्या-जुलाब झाले की आपण म्हणतो, मोडशी झाली. गोव्याच्या कोणा बाईच्या किंवा वैद्याच्या तोंडचा हा शब्द पोर्तुगीज ग्रंथात गेला. त्याचीच पोर्तुगीजांनी आणखी मोडतोड केली आणि फ्रेंच लोकांनी तर त्याचे ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचे शब्द करून टाकले. शब्दाचे हे हाल, मग औषधाचे काय झाले असेल?

पण औषधही त्यांनी टिपले आहे. इथले लोक रोग्याला तांदळाची पेज, मिरे आणि जिरे घालून पाजतात आणि तिला ‘कांजी’ म्हणतात, असे ते लिहितात. पायांना डाग देत, तेही लिहिले आहे. म्हणजे जुने ते सगळेच शहाणपणाचे होते असे नाही. पण पेजेचे पाहा. पटकीचे जंतू कॉलऱ्याचेच हे कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्याहून कळवले. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा त्यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी पिंपांतून वाटले. शंभरांत तीस माणसे दगावत होती, ती संख्या तीन-चारवर आली. पुढे साखरेऐवजी तांदळाचे पीठ घालूनही ते पाणी करतात. रोग्याच्या अंगातले पाणी भरून काढायचे, हेच त्यातले मर्म. मिऱ्याजिऱ्याच्या पेजेत मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजणाऱ्या आपल्या आज्यांना यातले जंतूंचे शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु रोग्याला कोरडा ठेवू नये हे त्या जाणत होत्या.

आता हे सारे वैद्यबुवांना सांगितले कोणी? अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहा त्यांचा स्नेही होता. तो त्यांना रोगांची व औषधांची अरबी नावे सांगे आणि ते त्याला लॅटिन शिकवीत. दरबारचे हकीम होते. मालुपा नावाचे एक हिंदू वैद्य तर ग्रंथात येऊन बोलतातही. आणि त्यांच्या घरी अंतोनिया होती.

अंतोनिया ही वैद्यबुवांची दासी. दासी म्हणजे पगारी मोलकरीण नव्हे, विकत घेतलेली. पाहुणा एखाद्या झाडाची चौकशी करतो, वैद्यबुवा हाक मारतात, अंतोनिया! आणि ती ते पान, ती मुळी, ते फळ घेऊन हजर होते. हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा होते. पुतणीला त्यात विशेष वाटले नाही. मला वाटले. अमुक पान आण म्हटल्यावर तेच आणायचे तर ते झाड कुठे आहे, कोवळे पान कोणते, त्याच्यासारखे दिसणारे दुसरे कोणते, हे तिला ठाऊक असले पाहिजे. आपल्या बाजारात पावसाच्या तोंडाला शेवळी घेऊन ठाकूर-वारली बाया बसतात. शेवळ्यांबरोबर काकडे घातले नाहीत तर घसा खाजतो, हे पुस्तकात वाचून त्यांना कळलेले नाही. आपल्यालाही त्यांच्याकडूनच कळले. आपण त्यांच्याशी दोन रुपयांची घासाघीस करतो आणि घरी येऊन भाजी ‘मी केली’ म्हणून वाढतो.

धोतऱ्याच्या प्रकरणात आणखी एक दासी आहे. तिने गोव्यातल्या आपल्या मालकिणीला अन्नातून धोतरा घातला. मालकीण भान हरपून हसत बसली आणि दासी दागिने घेऊन पळाली. वैद्यबुवांनी ही हकीकत विषाचे उदाहरण म्हणून दिली आहे. चोरी ती चोरीच. पण बाजारात विकल्या गेलेल्या बाईने पळून जावे, यात मला तरी मोठे नवल वाटले नाही.

वैद्यबुवा १५६८ साली वारले. ग्रंथ छापून झाल्याला पाच वर्षे झाली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले होते. जे ज्यू वरून ख्रिस्ती झाले पण घरात जुना धर्म पाळतात त्यांना हुडकून काढायचे आणि शिक्षा द्यायची, हे त्याचे एक मोठे काम. वैद्यबुवा हयात असेपर्यंत त्यांच्या कीर्तीने आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या ओळखीने घराला आडोसा होता. ते गेल्यावर त्यांच्या बहिणीला, कातारीनाला, पकडले आणि १५६९ च्या ऑक्टोबरात गोव्यात जिवंत जाळले. तिच्या जबानीवरून आणि आप्तांच्या सांगण्यावरून मेलेल्या भावावरही खटला चालला. १५८० साली त्यांची हाडे उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाची हाडे जाळून काय मिळाले असेल, ते जाळणाऱ्यांनाच माहीत. हे न्यायालय गोव्यातून कायमचे उठले ते १८१२ साली. आता पणजीत चर्चसमोरच्या बागेला वैद्यबुवांचे नाव आहे.

हाडे जाळली तरी ग्रंथ तोवर हातचा निसटला होता. क्लुसियस नावाच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची प्रत मिळाली. त्याने १५६७ साली अँटवर्प शहरात त्याचा लॅटिन संक्षेप छापला आणि युरोपभर वैद्यबुवांचे नाव झाले. क्लुसियसने काम चोख केले, नावही मूळ लेखकाचेच ठेवले. पण त्याला संवाद नको होते. त्याने पाहुणा काढला आणि अंतोनियाही काढली. राहिली ती नुसती पाने, मुळ्या आणि फळे. पुढे तीनशे वर्षे युरोपने बहुतकरून हे लॅटिन पुस्तक वाचले. त्यात पाने आपोआप टेबलावर येतात.

याच्या उलट एक गोष्ट शंभर वर्षांनी कोचीनला घडली, ती सांगते. तिथला डच गव्हर्नर व्हान र्‍हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला आणि त्यात सातशेच्या वर झाडांची माहिती चित्रांसकट आहे. माहिती देणारे मुख्य वैद्य इट्टी अच्युदन नावाचे मलयाळी, आणि त्यांच्या जोडीला तीन कोकणी वैद्य होते. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट ही त्यांची नावे. यांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेलेले. आम्ही ही माहिती कशी दिली याचा दाखला या तिघांनी १६७५ साली कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिला, आणि तो पहिल्या खंडात तसाच्या तसा छापला आहे. ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात त्या काळी आपली अक्षरे! लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने पुढे सगळ्या जगाच्या वनस्पतींना नावे दिली, तेव्हा भारतातल्या झाडांसाठी त्याने या ग्रंथाचा आधार घेतला. रानात जाऊन फांद्या आणणारी माणसे मात्र इथेही नावानिशी आलेली नाहीत.

वैद्यबुवांचा मूळ ग्रंथ, संवादांसकट आणि टिपांसकट, पोर्तुगालमध्ये फिकाल्यो यांनी १८९१ ते १८९५ मध्ये पुन्हा काढला, आणि त्यावरून सर क्लेमंट्स मार्कहॅम यांनी १९१३ साली इंग्रजी भाषांतर केले. तेच पुतणीने आणले होते. त्यात अंतोनिया परत आली आहे. हाक मारली की येते, पान ठेवते आणि जाते.

माघातल्या हळदीकुंकवाला पुतणी भिवंडीत असणार आहे. आंब्याचा आणि हिंगाचा असे दोन संवाद ती मराठीत करून वाचणार आहे. ज्या भगिनींना ऐकायचे असतील त्यांनी पाच वाजता मंडळाच्या खोलीत यावे. येताना आपापल्या घरी पेजेत काय काय घालतात ते आठवून यावे, वहीत उतरवून घेणार आहोत, सांगणारीच्या नावासह.